आनंदानं गुदमरणं

सर्व्हर झोपण्याआधी निदान अलार्म तरी वाजतो. शरीराचं तसं नाही!

१५ एप्रिल १८७५ला पॅरिसहून 'झेनिथ' बलून उडाला. आत तिघं: तिसांदिए, सिव्हेल, क्रोसे-स्पिनेली. सोबत ऑक्सिजनच्या पिशव्याही होत्या. ८००० मीटरच्या आसपास तिसांदिएला त्रास होण्याऐवजी चक्क आनंद वाटत होता. नळी तोंडाला लावायला मात्र हात उचलेना. शेवटी शुद्धीवर आला तो एकटाच. दोघं मित्र गेले होते.

जीव गुदमरतो तो मुख्यतः कार्बन डायऑक्साइड साचल्यानं. तो तर उच्छ्वासातून निघून जात होता!

पेशींना मात्र कळतं. हिफ नावाचं प्रथिन एरवी सतत मोडीत निघतं. ऑक्सिजन घटला की टिकतं आणि तांबड्या पेशी वाढवायला लावतं. या शोधाला २०१९चं नोबेल मिळालं. पण त्या पेशी वाढायला दिवस लागतात. त्या तिघांकडे मिनिटं होती.