घरातला ओनामा

मराठीत कुठल्याही आरंभासाठी दोन शब्द सहज वापरले जातात, श्रीगणेशा आणि ओनामा. दोन्ही पाटीवरून आलेले. पंतोजी मुलाला धुळाक्षरं गिरवायला बसवत तेव्हा आधी गणेशाला नमन होई आणि मग ‘ॐ नमः सिद्धम्’. मुलांच्या जिभेवर त्याचं ‘ओनामासीधं’ झालं आणि झिजत झिजत ओनामा उरला. अजूनही दसऱ्याला पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढतात, आणि बहुतेक घरांत ती आईच काढून देते. म्हणजे शाळेत नाव घालण्याच्या आधीचं हे शिक्षण आपल्याकडे घरात होतंच. त्याचं पुस्तकही ठरलेलं होतं. अंकलिपीत मुळाक्षरं, बाराखड्या, पाढे, पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी असं सगळं असे. चार पैशांत मिळणारा घरचा अभ्यासक्रमच तो.

गेली चार-पाच वर्षं बदलापूर, अंबरनाथ आणि उल्हासनगरच्या कॅम्पांत ओळखीच्या घरी गेले की एक प्रश्न हमखास येतो. मी निवृत्त शिक्षिका, त्यातून शिक्षणाच्या इतिहासाचे जुने कागद चाळत बसणारी, म्हणून मला विचारत असावेत. ‘बाई, मुलीला घरीच शिकवायचं म्हणतोय. अभ्यासक्रम तर सगळा नेटवर फुकट आहे. सुरुवात कुठून करायची?’ प्रश्न विचारणारे श्रीमंत नसतात. खासगी शाळेची फी, बस, गणवेश आणि वर शिकवणी यांचा हिशेब मांडून थकलेले असतात. काहींचं मूल वर्गात रुळत नाही. काहींना शाळेबद्दल सरळ भीती वाटते, आणि ती खोटी आहे असं मी त्यांना म्हणू शकत नाही.

अभ्यासक्रम फुकट आहे हे खरंच आहे. १९६७ साली पुण्यात सुरू झालेल्या बालभारतीची सगळी पाठ्यपुस्तकं आज कुणालाही उतरवून घेता येतात. २०१७पासून केंद्राचं दीक्षा आहे, एनसीईआरटीची पुस्तकं आहेत. शिवाय परदेशी पालकांनी रचलेले, आज सोमवार तर ही चार पानं आणि उद्या मंगळवार तर ती, असे वर्षभराचे दिवसवार अभ्यासक्रमही आहेत. साहित्याची ददात उरलेली नाही. मात्र आपल्याकडच्या घरच्या शिक्षणाचा इतिहास वाचताना मला दिसलं ते असं की साहित्यापाशी गाडी क्वचितच अडली. ती अडली दुसऱ्या दोन जागी. शिकवणाऱ्याचा वेळ कुणाचा, ही पहिली. शिकलेलं कोण मान्य करणार, ही दुसरी.

यातलं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण आपल्या अगदी शेजारचं आहे. उल्हासनगरच्या अलीकडे विठ्ठलवाडी आणि त्याच्या अलीकडे कल्याण. या कल्याणच्या जोशांची यमुना, जन्म ३१ मार्च १८६५, म्हणजेच पुढच्या डॉक्टर आनंदीबाई. कल्याणच्या पोस्टात नोकरीला आलेले गोपाळराव जोशी तिला लग्नाआधीच शिकवू लागले. १८७४ साली लग्न झालं तेव्हा ती नऊ वर्षांची होती, आणि लग्नानंतरही तिला शिकवू द्यायचं ही गोपाळरावांची अट होती. पुढे अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज आणि बंगाल अशा बदल्या झाल्या. मधे थोडा काळ मिशनच्या शाळेचाही आला, पण मुख्य शाळा घरातच चालली. एका कारकुनाच्या पगारात, बिऱ्हाडं बदलत, ही मुलगी नऊ वर्षांत अमेरिकेतल्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या दारात पोचली.

आपण ही गोष्ट इथवर सांगतो आणि थांबतो. पण आनंदीबाईंनी स्वतः ती पुढे सांगितली आहे. अमेरिकेतून नवऱ्याला लिहिलेल्या पत्रात त्यांनी लहान वयात लाकडाने खाल्लेल्या माराची आणि अंगावर फेकलेल्या पुस्तकांची, खुर्च्यांची आठवण काढली आहे. मला हे पत्र आपल्या शिक्षणाच्या इतिहासातलं फार महत्त्वाचं कागदपत्र वाटतं. घरच्या शाळेत शिक्षक बदलून मिळत नाही. वर्गातल्या मुलाला तास संपल्याची घंटा सोडवते, शेजारचा मुलगा सोडवतो, दुसऱ्या विषयाच्या बाई सोडवतात. घरी शिकवणारा आणि सांभाळणारा माणूस एकच असेल तर त्याच्या रागापासून पळायला जागा नसते. गोपाळराव नसते तर डॉक्टर आनंदीबाई झाल्या नसत्या, हे मान्यच. पण मुलाला घरी बसवण्याआधी ‘माझा राग कसा आहे’ हा प्रश्न पालकाने स्वतःला विचारावा असं मी आता सांगते, आणि पुष्कळदा समोरचा माणूस गप्प होतो.

दुसरं उदाहरण घाटाखालचं नाही, पण आनंदीबाईंच्या नात्यातलंच आहे. अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवलं. लोकांचा विरोध झाला तेव्हा ते गंगामूळच्या रानात जाऊन राहिले. १८५८ साली जन्मलेल्या त्यांच्या मुलीला, रमाबाईला, मात्र शिकवलं ते मुख्यतः आईने. वडील वृद्ध झाले होते. घरात पाहुणे, विद्यार्थी, स्वयंपाक, सगळं लक्ष्मीबाईंवर. मग वेळ कुठून आणायचा? पहाटेतून. झोपेने जड झालेल्या मुलीला उठवून, जवळ घेऊन, कामं सुरू व्हायच्या आत ती माउली श्लोक म्हणून घेई. पुस्तकाची गरजच नव्हती, सगळा अभ्यासक्रम तोंडी. याच मुलीला १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी पंडिता म्हटलं. ही पहाटेची हकीकत रमाबाईंच्या ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ या १८८७च्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत येते, आणि ती प्रस्तावना लिहिणाऱ्या रेचल बॉडली म्हणजे आनंदीबाईंच्या फिलाडेल्फियातल्या महाविद्यालयाच्या डीन. मार्च १८८६मध्ये आनंदीबाईंना पदवी मिळाली त्या समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. घरी शिकलेल्या दोन मराठी बायका सातासमुद्रापार एका सभागृहात बसलेल्या, हे चित्र माझ्या फार आवडीचं आहे.

शिकलेलं मान्य कसं झालं, तेही पाहण्यासारखं आहे. रमाबाईंची परीक्षा सभेत झाली. आनंदीबाईंनी प्रवेशासाठी पत्र लिहिलं, त्यात प्रवेशाच्या सगळ्या अटींत आपण बसू अशी खात्री नाही हे स्वतःच सांगितलं, आणि समोरच्या बाईंनी त्या पत्रावरून माणूस ओळखला. अशी पारख करणारं माणूस प्रत्येकाला भेटत नाही.

अभ्यासक्रम बांधून घरपोच देण्याची कल्पनाही आजची नाही. इंग्लंडात शार्लट मेसन यांनी १८९१मध्ये टपालाने चालणारी शाळा काढली. साम्राज्यात विखुरलेल्या गोऱ्या कुटुंबांना तिचा मोठा आधार झाला. अमेरिकेत बाल्टिमोरच्या कॅल्व्हर्ट शाळेचे मुख्याध्यापक व्हर्जिल हिलियर यांनी १९०६च्या सुमारास वर्षभराचे धडे, पुस्तकं, वह्या आणि पालकाने काय बोलायचं याच्या सूचना असा एक संचच विकायला काढला. आजचे फुकट दिवसवार अभ्यासक्रम याच वंशातले. त्या सूचना नीट वाचल्या तर त्यामागे एक गृहीत दिसतं, की सकाळी नऊ ते बारा घरात एक मोकळं, शिकलेलं मोठं माणूस आहे.

आता आपल्या पट्ट्याकडे या. बदलापूरहून मुंबईत उतरायला सुमारे दीड तास, तोही गाडीत शिरता आलं तर. दोघं नोकरी करणाऱ्या घरात सकाळी नऊला मोठं माणूस असतं ते आजी, नाहीतर कुणीच नाही. एकटा बाप जाणारा असेल तर आई, जिने डबे, पाणी, दळण, सासूची औषधं यांतून वेळ काढायचा. ‘घरी शिकवतो’ या वाक्यातलं ‘आम्ही’ हे सर्वनाम फसवं आहे. शंभरातल्या नव्वद घरांत ते ‘तिने’ असतं. लक्ष्मीबाईंच्या पहाटेला दीडशे वर्षं होऊन गेली, हिशेब तोच आहे.

उल्हासनगरची कथा यात वेगळी आणि, खरं सांगायचं तर, चटका लावणारी आहे. दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी. फाळणीनंतर तिथे सुमारे एक लाख सिंधी निर्वासित आले, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी तिचं उल्हासनगर झालं. बराकींत संसार थाटणाऱ्या या लोकांनी शाळा लगोलग काढल्या, सिंधी माध्यमाच्याही. पण सिंधी कोणत्या लिपीत शिकवायची, अरबी वळणाच्या बावन्न अक्षरांत की देवनागरीत, यावर वाद झाला तो मिटलाच नाही. १९६७मध्ये सिंधी आठव्या अनुसूचीत आली. तोवर पोरं इंग्रजी माध्यमाकडे वळू लागली होती. मग जुनी लिपी घरात उरली. आजोबा वर्तमानपत्र वाचताना नातवाला चार अक्षरं दाखवत. त्याआधी दुकानदारांची हिशेबाची हटवाणिका लिपीही अशीच गादीवर बसून शिकवली जाई, आपल्याकडच्या मोडीसारखी. कॅम्प दोनमधल्या एका कापडवाल्या आजोबांनी मला त्यांची वही दाखवली होती. ‘घरात हे वाचणारा मी शेवटचा,’ ते म्हणाले आणि चहा मागवला. शिकवणारा गेला की घरचा अभ्यासक्रम त्याच्याबरोबर जातो. कुठलीही परीक्षा, कुठलाही दाखला त्या अक्षरांची वाट पाहत नव्हता.

दाखल्याचं आज काय? हा भाग कोरडा आहे, पण सुरुवात करणाऱ्याने आधी इथेच डोकं घालावं. १ एप्रिल २०१०पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वयाच्या मुलाला शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य म्हटलं आहे, न घातल्यास शिक्षा मात्र सांगितलेली नाही. २०१२मध्ये केंद्राच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने दिल्ली उच्च न्यायालयात सांगितलं की स्वखुशीने घरी शिकवणाऱ्या पालकांच्या आड हा कायदा येत नाही. थोडक्यात, मुभा आहे, पण कायद्याच्या पुस्तकात घरच्या शाळेला स्वतंत्र खोली नाही. परीक्षेसाठी १९८९पासूनची राष्ट्रीय मुक्त शाळा आहे. तिच्या अ, ब, क या पातळ्या अनुक्रमे तिसरी, पाचवी आणि आठवीच्या तोडीच्या, आणि दहावीला बसायला चौदा वर्षं पूर्ण हवीत. राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळाच्याही पाचवी-आठवीच्या परीक्षा आहेत. आणि आपला जुना सतरा नंबरचा फॉर्म आहेच. ‘बाहेरून बसणं’ हा शब्दप्रयोग मराठी घरांत किती बायकांनी, किती गिरणी कामगारांनी जिवंत ठेवला आहे! मूल शाळेतून काढण्याच्या आधी दाखला हातात घ्या आणि पुढची परीक्षा कोणती ते वहीच्या पहिल्या पानावर लिहा, एवढं मी आग्रहाने सांगते. नाहीतर घरचं मूल सर्वेक्षणात नुसतं शाळाबाह्य मोजलं जातं.

२०२०च्या टाळेबंदीत सगळ्याच घरांची शाळा झाली. त्या वर्षी २० जुलैला सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ सुरू झाली. एमकेसीएलची ही मालिका पहिली ते आठवीच्या बालभारती पुस्तकांवर आधारलेली. फळ्यापुढचं व्याख्यान टाळून घरात आणि परिसरात दिसणाऱ्या गोष्टींतून शिकवणारी. घरी शिकवण्यासाठी मराठीत झालेल्या कामात मी ती फार वरची मानते. ज्यांच्याकडे फोन एक आणि मुलं दोन, त्यांना टीव्ही उपयोगी पडला. पण शेजारी बसून ‘हे करून बघ’ म्हणणारं कुणी होतं त्या घरात ती फळली. नव्हतं तिथे ती आणखी एक मालिका झाली.

वेळेच्या या कोड्याला आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यात एकदा उत्तर निघालं होतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५मध्ये बोर्डीला काम सुरू केलं आणि पुढे कोसबादच्या टेकडीवर नेलं. आदिवासी मुलं बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या पाड्यावर, अंगणात गेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. एकेका आईवर भार न टाकता अनेक घरांच्या मधल्या मोकळ्या जागेत एक शिकवणारी बाई बसवायची, ही त्यातली खरी युक्ती. साहित्य म्हणून खडे, पानं, बिया. तेही फुकटच.

म्हणून विचारायला येणाऱ्यांना मी आता अभ्यासक्रमांची यादी देत नाही. आधी इमारतीत आणखी दोन घरं शोधा म्हणते. पहिले दोन महिने फक्त वाचन आणि गणित, रोज दोन तास, बालभारतीचंच पुस्तक, म्हणजे शाळेत परतायची वेळ आली तर मूल अडत नाही. वाचायला बदलापुरात श्याम जोशी यांनी उभारलेल्या ग्रंथसखासारखं वाचनालय आहे, तिथे मुलांना न्या.

आमच्या गल्लीतल्या तीन घरांनी गेल्या जूनपासून हे चालवलं आहे. मुलं चार, दोन तिसरीची, दोन पाचवीची. एका घरची आजी मराठी घेते. माझ्याकडे शुक्रवारी इतिहास आणि पाढे, दिडकीसकट. गणित एक बाप घेतो. तो अंबरनाथला कारखान्यात पाळीने जातो, त्यामुळे दिवसा घरी असतो. त्याची पाळी बदलली की आमचं वेळापत्रक बदलतं.