किण्वनावशेषांचा घरगुती उपयोग

धान्य, फळे, फुले किंवा वनस्पतींचे रस आंबवून पेय तयार केल्यावर, तसेच आंबलेल्या द्रवाचे ऊर्ध्वपातन केल्यावर मागे उरणाऱ्या पदार्थांस किण्वनावशेष म्हणतात. त्यांचे स्थूलमानाने चार प्रकार पडतात : (१) रस किंवा अर्क काढून घेतल्यावर उरणारा चोथा, (२) किण्वन चालू असता वर येणारा फेस व नंतर तळाशी बसणारा साका (हे दोन्ही मुख्यतः यीस्टचे बनलेले असतात), (३) ऊर्ध्वपातनानंतर भांड्यात राहणारा पातळ द्रव व (४) आंबट झालेले, पिण्यास अयोग्य असे पेय. किण्वन हा जोपर्यंत घरातील व्यवसाय होता, तोपर्यंत या चारही पदार्थांना घरातच ठराविक स्थान होते. मद्यनिर्मिती घराबाहेर गेली तेव्हा हे अवशेषही बाहेर गेले आणि त्यांच्यावर आधारलेल्या अनेक घरगुती कामांचा आधार तुटला. मद्याच्या इतिहासात ही बाजू बहुधा दुर्लक्षित राहिली आहे.

स्वरूप : यीस्ट शर्करेचे रूपांतर अल्कोहॉल व कार्बन डाय-ऑक्साइड यांत करते, प्रथिने, तंतू व खनिजे मात्र बव्हंशी शिल्लक राहतात. त्यामुळे अवशेषांत त्यांचे प्रमाण मूळ धान्यापेक्षा वाढलेले आढळते. बिअरसाठी वापरलेल्या सातूच्या वाळवलेल्या चोथ्यात सु. २० ते ३० टक्के प्रथिने असतात. ओल्या चोथ्यात मात्र ७५ ते ८० टक्के पाणी असल्यामुळे तो उष्ण हवेत दोन-तीन दिवसांतच नासतो. पोषक पण नाशवंत, वजनदार पण स्वस्त, अशा या पदार्थाचा उपयोग तो जेथे निर्माण होतो तेथेच व त्वरित करावा लागतो. त्याचा पुढील सर्व इतिहास या एका गुणधर्माशी निगडित आहे.

धान्यावशेष : गॉल व आयबेरिया येथील लोक धान्याच्या मद्यावरील फेस पाव फुगविण्यासाठी वापरतात व त्यामुळे त्यांचा पाव इतरांपेक्षा हलका होतो, अशी नोंद थोरला प्लिनी (इ. स. २३–७९) याने केली आहे. मध्ययुगीन इंग्‍लंडमध्ये घरोघरी एल हे पेय करण्याचे काम प्रामुख्याने स्त्रियांकडे होते. एकाच माल्टवर दुसऱ्यांदा गरम पाणी ओतून त्यापासून सौम्य पेय करीत; फेस पावाच्या कणकेत घालीत; उरलेला चोथा डुकरे, गाई व कोंबड्या यांना घालीत. अशा रीतीने पेय, पाव व पशुखाद्य ही एकाच कामाची तीन फळे होती. फ्रान्समध्ये बिअरचे किण्व पावात वापरणे आरोग्यास अपायकारक आहे, असा निर्णय पॅरिसच्या वैद्यक विद्याशाखेने १६६८ मध्ये दिला. तथापि १६७० मध्ये तेथील न्यायपीठाने ताज्या किण्वाच्या वापरास मुभा दिली.

स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात लहान शेतकरी आपल्या सातूपासून व्हिस्की गाळीत. तिचा चोथा हिवाळ्यात, गवत दुर्मिळ असताना, गुरांना जगविण्यास उपयोगी पडे. १७८१ मध्ये खाजगी ऊर्ध्वपातनावर बंदी आली. तेव्हा शेतकऱ्याच्या पेयाबरोबर त्याच्या गुरांच्या खाद्याचाही प्रश्न निर्माण झाला. चोरून दारू गाळण्याची प्रथा पुढे अनेक दशके टिकून राहिली, तिची कारणे शोधताना हा चोथाही विचारात घ्यावा लागतो. ब्रिटनमध्ये घरगुती बिअर करणाऱ्यास १८८० च्या कायद्याने परवाना आवश्यक झाला. ही अट १९६३ मध्ये रद्द करण्यात आली.

नागरी दुष्परिणाम : अवशेषांचे प्रमाण व अंतर बदलल्यावर त्याच पदार्थाचे परिणाम कसे उलटतात, याचे उदाहरण न्यूयॉर्क येथे आढळते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तेथील मोठ्या मद्यनिर्माणींशेजारी गोठे उभारून गाईंना जवळजवळ केवळ गरम, पातळ अवशेषांवर पोसण्यात येई. या रोगट गाईंचे निकृष्ट दूध शहरातील बालकांना दिले जाई. रॉबर्ट हार्टली यांनी १८४२ मध्ये दुधाविषयीच्या ग्रंथात या प्रथेवर टीका केली. फ्रँक लेस्ली यांच्या सचित्र वृत्तपत्राने १८५८ मध्ये गोठ्यांची दशा उघडकीस आणली आणि १८६२ मध्ये न्यूयॉर्क राज्याने अशा दुधाविरुद्ध कायदा केला. शेतावर गवताला पूरक म्हणून दिलेला चोथा गुरांना पोसतो. तोच एकमेव आहार झाला, की घातक ठरतो.

द्राक्षावशेष : द्राक्षांचा रस काढल्यावर उरलेल्या साली, बिया व देठ यांवर पाणी घालून यूरोपातील शेतमजूर हलके पेय करीत, चोथ्याचे ऊर्ध्वपातन करून इटलीत ग्रापा व फ्रान्समध्ये मार ही मद्ये मिळवीत. पिंपांच्या आतील बाजूस जमणाऱ्या कठीण थरापासून क्रीम ऑफ टार्टर मिळते. कार्ल व्हिल्हेल्म शेले यांनी १७६९ मध्ये त्यापासून टार्टारिक अम्‍ल वेगळे केले.

सर्वांत लक्षणीय घरगुती उद्योग दक्षिण फ्रान्समधील माँपेल्ये या शहरी होता. तेथील स्त्रिया आपल्या घरांच्या तळघरांत तांब्याचे पत्रे व वाइनमध्ये भिजवलेले द्राक्षांचे देठ यांचे एकाआड एक थर मातीच्या भांड्यांत रचीत. आंबण्यामुळे निर्माण होणाऱ्या ॲसिटिक अम्‍लाच्या वाफांनी पत्र्यांवर हिरवा जंगाल चढे. तो खरवडून रंग म्हणून विकला जाई. अठराव्या शतकात या मालाला परदेशांतही मागणी होती. त्याच शतकाच्या उत्तरार्धात देठांऐवजी द्राक्षांचा चोथा वापरण्याची स्वस्त रीत रूढ झाली. रसायनज्ञ झां आंत्वान शाप्ताल यांनी या प्रक्रियेचे वर्णन केले आहे. किण्वन केव्हा योग्य टप्प्यावर आले हे हाताच्या स्पर्शाने व वासाने ओळखण्याचे कौशल्य मात्र गृहिणींचे होते.

जपान : तांदळापासून साके हे मद्य गाळल्यावर जो पांढरा लगदा उरतो त्यास कासु म्हणतात. त्यात काही टक्के अल्कोहॉल शिल्लक असते. भाज्या व मासे त्यात मुरवून टिकविण्याची पद्धत जुनी असून नारा शहराची लोणची त्यासाठी प्रसिद्ध आहेत. हांदा येथील साके-उत्पादक नाकानो माताझाएमोन यांनी १८०४ मध्ये कासुपासून शिरका (व्हिनेगर) करण्यास सुरुवात केली. तांदळापासून केलेल्या शिरक्यापेक्षा तो स्वस्त असल्यामुळे एडो (आताचे टोकिओ) येथील सुशी विक्रेत्यांत लोकप्रिय झाला. कासुचे ऊर्ध्वपातन करून शोचू मिळवीत व शेवटचा गाळ भातशेतीत खत म्हणून घालीत. म्हणजे भात पुन्हा भाताकडेच जाई. १८९९ मध्ये जपान सरकारने करांच्या उत्पन्नासाठी घरगुती मद्यनिर्मितीवर बंदी घातली.

भारत : मध्य व पश्चिम भारतातील आदिवासी समाज मोहाची वाळलेली फुले भिजवून, आंबवून त्यांचे मद्य गाळतात व उरलेली फुले गुरांना आणि डुकरांना घालतात. मोहाचे फूल हे मुळात अन्नही आहे. टंचाईच्या काळात त्याचा मोठा आधार असतो. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने मद्यनिर्मितीवर शासनाचे नियंत्रण दृढ झाले आणि १८९२ च्या मोह कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत फुले गोळा करणे व बाळगणे यांवरही निर्बंध आले. कायद्याचा रोख दारूवर होता. परंतु माणसाचे अन्न व गुरांचे आंबोण यांनाही त्याची झळ पोहोचली, कारण फूल एकच होते.

गोव्यात काजूची बोंडे तुडवून किंवा दाबून रस काढतात. तो आंबवून भट्टीवर चढविल्यावर प्रथम उराक व पुनःऊर्ध्वपातनाने फेणी मिळते. पिळलेला चोथा गुरांना घालतात किंवा खतात मुरवितात. काजूच्या फेणीस २००९ मध्ये भौगोलिक निर्देशन प्राप्त झाले. माडाच्या सुरीने पाव व सान्नां फुगविण्याची आणि आंबट झालेल्या सुरीपासून शिरका करण्याची गोव्यातील रीत याच परंपरेतील होय. पावासाठी मात्र आता बहुतांशी तयार यीस्ट वापरले जाते.

यीस्ट व पोषण : युस्टुस फोन लीबिग यांनी मद्यनिर्माणीतील टाकाऊ यीस्टपासून मांसार्कासारखा खाद्य अर्क मिळू शकतो असे दाखविले. त्या आधारे इंग्‍लंडमधील बर्टन अपॉन ट्रेंट येथे १९०२ मध्ये मार्माइटचे उत्पादन सुरू झाले. या अर्काचा मुंबईशी महत्त्वाचा संबंध आला. ल्यूसी विल्स या इंग्‍लिश वैद्य १९२८ मध्ये मुंबईत आल्या व वस्त्रोद्योगातील गरीब गर्भवती स्त्रियांत आढळणाऱ्या तीव्र रक्तक्षयाचा त्यांनी अभ्यास केला. यीस्टच्या अर्काने हा विकार बरा होतो, हे त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्यातील कार्यकारी घटक म्हणजेच पुढे फॉलिक अम्‍ल म्हणून ओळखले गेलेले ब गटातील जीवनसत्त्व. घरच्या किण्वनात जो साका भाकरीपावात मिसळून सहज पोटात जाई, तो येथे कारखान्यातून बाटलीत भरून औषध म्हणून परत आला.

सद्यःस्थिती : अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने घरगुती बिअरला संघराज्यीय पातळीवर मुभा मिळाली. न्यूझीलंडने १९९६ मध्ये स्वतःपुरत्या ऊर्ध्वपातनासही अनुमती दिली. परंतु बहुतेक देशांत परवान्याविना ऊर्ध्वपातन हा गुन्हा आहे. महाराष्ट्रातही हातभट्टी बेकायदा आहे. घरगुती बिअरच्या प्रसाराबरोबर चोथा पावात मिसळणे, त्यावर अळिंबी वाढविणे व त्याचे कंपोस्ट करणे या रीतींना पुन्हा चालना मिळाली आहे. काही पथ्ये मात्र पाळावी लागतात : वापरलेले हॉप कुत्र्यांना विषारी असतात, तांब्याच्या भांड्यातील ऊर्ध्वपातनाचे अवशेष मेंढ्यांना ताम्रविषबाधा घडवू शकतात, बुरशी आलेला चोथा कोणत्याही जनावरास देऊ नये. जुन्या गृहव्यवस्थेत ही पथ्ये अनुभवाने माहीत झालेली होती. अवशेषांचा उपयोग नव्याने रूढ करावयाचा, तर केवळ पदार्थ परत आणून भागणार नाही. त्यामागील हे ज्ञानही जतन करावे लागेल.