बिशप जेम्स थोबर्न : कार्यक्षेत्र आणि भाषा

मराठी बायबलच्या नव्या करारात ग्रीक ‘एपिस्कोपॉस’ ह्या शब्दासाठी ‘अध्यक्ष’ हा शब्द योजलेला आहे. ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ ‘वरून पाहणारा’, म्हणजे देखरेख करणारा, असा होतो. ‘अध्यक्ष’ ह्या शब्दाचाही जुना अर्थ तोच. कौटिलीय अर्थशास्त्रातील ‘अध्यक्षप्रचार’ ह्या अधिकरणाच्या नावात तो आजही स्पष्ट दिसतो. जॉन वेस्ली ह्यांनी १७८४ मध्ये टॉमस कोक ह्यांना अमेरिकेतील मेथडिस्ट मंडळ्यांकडे पाठविले, तेव्हा ‘बिशप’ हे नाव टाळून त्याच अर्थाचा ‘सुपरिंटेंडंट’ हा शब्द त्यांनी पसंत केला. अमेरिकन मंडळ्यांनी थोड्याच वर्षांत ‘बिशप’ हे नाव स्वीकारले, परंतु पदामागील कल्पना देखरेखीचीच राहिली. मेथडिस्ट बिशप हा धर्माधिकाऱ्यांचा वेगळा वर्ग नव्हे. तो परिषदेने देखरेखीसाठी निवडलेला एक दीक्षित उपदेशक होय.

देखरेख म्हटली की ती कोठपर्यंत, हा प्रश्न ओघानेच येतो. भारतातील मेथडिस्ट एपिस्कोपल मिशनचे बिशप जेम्स मिल्स थोबर्न (१८३६–१९२२) ह्यांच्या चरित्रात ह्या प्रश्नाला निरनिराळ्या काळी निरनिराळी उत्तरे मिळाली. आरंभी क्षेत्राची सीमा नद्या आणि पर्वत ह्यांनी ठरली. पुढे ती भाषेने ठरली. अखेरीस ती साम्राज्यांच्या बंदरांबरोबर वाढत गेली. ह्या स्थित्यंतरात काय साधले आणि काय मागे पडले, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

विल्यम बटलर हे ह्या मिशनचे संस्थापक. ते १८५६ मध्ये भारतात आले आणि इतर मिशनांच्या क्षेत्रांत शिरकाव होऊ नये म्हणून त्यांनी अवध व रोहिलखंड हा प्रदेश निवडला. एका बाजूस गंगा, दुसऱ्या बाजूस हिमालय, अशी त्याची मर्यादा होती. बटलर ह्यांना तेथील भाषा येत नव्हती. अलाहाबादच्या प्रेस्बिटेरियन मिशनने जोएल जान्व्हिए नावाचा एक भारतीय ख्रिस्ती तरुण त्यांना दुभाषी म्हणून दिला. मिशनचा पहिला भारतीय उपदेशक हाच. म्हणजे ह्या मिशनच्या इतिहासाचा आरंभ एका दुभाष्याच्या वाणीने झाला आहे, आणि ही गोष्ट पुढील विवेचनात ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

थोबर्न ह्यांचा जन्म ७ मार्च १८३६ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात सेंट क्लेअर्सव्हिल येथे झाला. मेडव्हिलच्या ॲलेघेनी महाविद्यालयाची पदवी त्यांनी १८५७ मध्ये घेतली आणि १८५९ मध्ये ते भारतात आले. त्यांची पहिली नेमणूक नैनितालला झाली. १८६१ मध्ये त्यांचा विवाह झाला. पुढील वर्षीच पत्नी निवर्तली. अमेरिकेचा प्रवास करून परतल्यावर गढवाल, मुरादाबाद आणि लखनौ येथे त्यांनी काम केले. ह्या पहिल्या पर्वात त्यांचे व्यासपीठ प्राधान्याने हिंदुस्तानी भाषेचे होते. खेडोपाडी, बाजारांत आणि मेळ्यांत बोलावयाचे, तर दुसरा मार्गही नव्हता.

स्त्रियांपर्यंत आपली वाणी पोचत नाही, ही जाणीवही त्यांना ह्याच काळात झाली. पडदानशीन स्त्रियांशी बोलण्यास स्त्रीच हवी, म्हणून त्यांनी धाकटी बहीण इझाबेला हिला भारतात येण्याविषयी लिहिले. अविवाहित स्त्रीला स्वतंत्रपणे परदेशी पाठविणारी संस्था मेथडिस्टांपाशी तोवर नव्हती. १८६९ मध्ये बोस्टन येथे स्त्रियांची परदेश मिशन संस्था स्थापन झाली आणि तिने इझाबेला थोबर्न व डॉक्टर क्लारा स्वेन ह्या दोघींना धाडले. जानेवारी १८७० मध्ये त्या मुंबईस उतरल्या. त्याच वर्षी लखनौच्या अमीनाबाद बाजारात सहा मुलींना घेऊन इझाबेलांनी शाळा उघडली. तीच वाढत जाऊन आज त्यांच्या नावाने ओळखले जाणारे महाविद्यालय झाली.

पुढील वळण विल्यम टेलर ह्यांच्या आगमनाने आले. कॅलिफोर्नियात रस्त्यावर प्रवचने करून नावारूपास आलेले हे उपदेशक थोबर्न ह्यांच्या निमंत्रणावरून १८७० मध्ये लखनौला आले. दक्षिण आफ्रिकेत १८६६ मध्ये चार्ल्स पाम्ला ह्या दुभाष्याच्या साहाय्याने टेलर ह्यांच्या सभांना फार मोठे यश लाभले होते. उत्तर हिंदुस्थानात मात्र दुभाष्यामार्फत केलेल्या प्रवचनांचा तसा परिणाम झाला नाही. १८७१ च्या अखेरीस ते मुंबईस आले आणि इंग्रजी बोलणाऱ्या लोकांकडे वळले. रेल्वे, तारखाते आणि कचेऱ्या ह्यांतील युरोपीय व अँग्लो-इंडियन नोकरवर्ग हा त्यांचा श्रोतृवर्ग. १८७२ च्या आरंभी मुंबईत मेथडिस्ट मंडळी स्थापन झाली. तिने परदेशी पैशावर विसंबू नये, आपला खर्च आपण भागवावा, असे टेलर ह्यांचे धोरण होते.

मुंबईच्या ह्या मंडळीत जॉर्ज बोवेन सामील झाले, ही घटना मराठी वाचकाला विशेष बोधक वाटेल. अमेरिकन मराठी मिशनतर्फे १८४८ मध्ये आलेले बोवेन वर्षानुवर्षे मुंबईच्या रस्त्यांत मराठीतून उपदेश करीत आले होते आणि ‘बॉम्बे गार्डियन’ हे इंग्रजी पत्रही चालवीत होते. १८८८ मध्ये मुंबईतच त्यांचे निधन झाले; मधल्या चाळीस वर्षांत ते एकदाही मायदेशी गेले नाहीत. मराठीत मुरलेला हा उपदेशक इंग्रजी मंडळीत आला, परंतु मंडळीची भाषा त्यामुळे मराठी झाली नाही. एखाद्या व्यक्तीला दोन भाषा अवगत असणे आणि संस्थेने दोन भाषांत जगणे ह्या भिन्न गोष्टी आहेत.

थोबर्न ह्यांनी टेलर ह्यांच्या कार्याचे मर्म ओळखले. लखनौला असताना गंगेपलीकडे कानपूरला इंग्रजी उपासना चालवून त्यांनी बटलर ह्यांची सीमा आधीच ओलांडली होती. १८७४ मध्ये ते कलकत्त्यास गेले आणि टेलर ह्यांनी तेथे उभारलेली लहानशी मंडळी त्यांनी हाती घेतली. धरमतल्ला रस्त्यावर तिच्यासाठी मोठे मंदिर उभे राहिले. १८७१ मध्ये सुरू झालेले ‘लखनौ विटनेस’ हे पत्रही पुढे कलकत्त्यास येऊन ‘इंडियन विटनेस’ झाले. इंग्रजी बोलणारी माणसे रेल्वेच्या प्रत्येक मोठ्या स्थानकावर होती. तेव्हा इंग्रजी मंडळीला प्रादेशिक सीमा उरली नाही. दक्षिण भारत परिषद १८७६ मध्ये स्थापन झाली, तिचा पाया ह्याच मंडळ्यांनी घातला होता.

ह्या धोरणाचे मूल्यमापन करताना एकांगी निवाडा टाळला पाहिजे. इंग्रजीमुळे मिशनला स्वावलंबी मंडळ्या मिळाल्या आणि भारतातच वाढलेले कार्यकर्तेही मिळाले. विल्यम ओल्डम हे ह्याचे ठळक उदाहरण. त्यांचा जन्म बंगळूरचा, व्यवसाय सरकारी मोजणी खात्यातला. १८७३ मध्ये पुण्याच्या मेथडिस्ट सभेत त्यांचे मन पालटले. फेब्रुवारी १८८५ मध्ये थोबर्न त्यांना घेऊन सिंगापूरला गेले. इंग्रजी सभांतून तेथे मंडळी उभी राहिली आणि तिची धुरा ओल्डम ह्यांच्याकडे आली. त्यांनी १ मार्च १८८६ रोजी चिनी व्यापाऱ्यांच्या तेरा मुलांना घेऊन अँग्लो-चायनीज स्कूल सुरू केले. चिनी पालकांना मुलांसाठी इंग्रजी हवी होती आणि मिशनला त्या घरांत प्रवेश हवा होता. तथापि केवळ इंग्रजीने भागले नाही. विल्यम शेलाबेअर ह्या माजी लष्करी अधिकाऱ्याने मलायी भाषेचा व्यासंग करून मुद्रणालय उभारले आणि बायबलचे मलायी भाषांतर केले, तेव्हाच त्या कार्याला देशी भाषेत मूळ धरता आले. इंग्रजीने दार उघडले. आत राहण्यासाठी दुसरी भाषा लागली.

१८८८ मध्ये न्यूयॉर्कच्या सर्वसाधारण परिषदेने थोबर्न ह्यांना भारत व मलेशिया ह्या क्षेत्राचे ‘मिशनरी बिशप’ म्हणून निवडले. ह्या पदाचा अधिकार नेमून दिलेल्या क्षेत्रापुरताच असे. अमेरिकेतील परिषदांवर तो चालत नसे. पद प्रथम १८५८ मध्ये लायबेरियासाठी फ्रान्सिस बर्न्स ह्या कृष्णवर्णीय उपदेशकाच्या निवडीने अस्तित्वात आले आणि १८८४ मध्ये आफ्रिकेसाठी टेलर ह्यांना देण्यात आले. ज्या गृहस्थाने आयुष्यभर सीमा ओलांडल्या, त्याला मिळालेले पद मूलतः सीमेनेच बांधलेले होते. मात्र ती सीमा इतकी विस्तीर्ण होती, की तीमधील बहुसंख्य भाषा बिशपला स्वतः बोलता येणे अशक्य होते. १८९९ मध्ये ते मनिलाला गेले. त्या नगरावर अमेरिकेचा अंमल बसून वर्षही लोटले नव्हते. पुढील वर्षी त्यांच्या हस्ते निकोलास सामोरा ह्या फिलिपिनो उपदेशकाला दीक्षा मिळाली. स्वभाषेत बोलणाऱ्या ह्या उपदेशकाने जे साधले, ते परक्या बिशपला साधणारे नव्हते.

ह्याच काळात उत्तर हिंदुस्थानच्या खेड्यांत अस्पृश्य गणलेल्या जातींतील लोक समूहाने बाप्तिस्मा घेत होते. शिक्षण आधी की बाप्तिस्मा आधी, ह्यावर मिशनरींत मतभेद होते. येथे इंग्रजी मंडळ्यांचा उपयोग नव्हता. खेड्याच्या बोलीत शिकविणारे, प्रार्थना सांगणारे, तंटे मिटविणारे लोक भारतीय उपदेशक आणि त्यांच्या स्त्रिया हेच होते. बिशपची देखरेख त्यांच्या डोळ्यांनीच होत असे. थोबर्न ह्यांचे ‘माय मिशनरी अप्रेंटिसशिप’ (१८८४) आणि ‘इंडिया अँड मलेशिया’ (१८९२) हे ग्रंथ इंग्रजीत, अमेरिकन वाचकांसाठी लिहिलेले आहेत. त्यांवर विसंबून इतिहास रचला, तर इंग्रजीत जे घडले ते ठळक दिसते आणि बोलीभाषांत जे घडले ते आकड्यांपुरते उरते.

थोबर्न १९०८ मध्ये निवृत्त झाले आणि १९२२ मध्ये मेडव्हिल येथे निवर्तले. त्यांच्यानंतरही बिशपपद परकीयांकडेच राहिले. १९२८ मध्ये अमेरिकन परिषदेने बिशप निवडण्याचा अधिकार त्या त्या देशांतील मध्यवर्ती परिषदांना दिला आणि १९३० मध्ये जसवंतराव चितांबर हे पहिले भारतीय मेथडिस्ट बिशप निवडले गेले. मराठी ब्राह्मण कुळातून ख्रिस्ती झालेल्या घरात जन्मलेले, उत्तर हिंदुस्थानात वाढलेले चितांबर लखनौच्या ख्रिश्चन महाविद्यालयाचे पहिले भारतीय प्राचार्य होते. जोएल जान्व्हिए बटलर ह्यांच्या शेजारी दुभाषी म्हणून उभे राहिले, त्यानंतर ह्या निवडीपर्यंत सुमारे पाऊणशे वर्षे जावी लागली. ह्या दीर्घ विलंबाचे कारण केवळ वंशभेदात शोधून पुरणार नाही. इंग्रजी मंडळ्यांच्या बळावर उभारलेल्या संस्थेत देखरेखीची भाषा इंग्रजी झाली आणि सेवेची भाषा देशी राहिली, हेही त्याचे एक कारण मानावे लागते. थोबर्न ह्यांच्या कर्तृत्वाचे आणि त्याच्या मर्यादेचे मूळ असे एकाच ठिकाणी आहे. मिशनच्या इतिहासाच्या अभ्यासकाने म्हणूनच बिशपांच्या ग्रंथांबरोबर जिल्हा परिषदांची हिंदी-उर्दू कागदपत्रे, उपदेशकांच्या रोजनिश्या आणि देशी भाषांतील ख्रिस्ती नियतकालिके तितक्याच निष्ठेने वाचली पाहिजेत.