चांदीपुरा : गावाचे नाव ल्यालेला विषाणू

थ्रेड 🧵

१/ २०२४ च्या पावसाळ्यात गुजरातमधील बालमृत्यूंच्या बातम्या सुरू असताना खामगावच्या आमच्या घरी आजीने विचारले, "हे चांदीपुरा गुजरातेत कुठी हाय?" ते गुजरातेत नाहीच. ते आपल्या विदर्भातले, नागपूरकडचे.

२/ १९६५ साली नागपुरात डेंग्यू आणि चिकुनगुन्याच्या तापाची साथ होती. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रात (१९५२ मध्ये रॉकफेलर फाउंडेशनच्या साहाय्याने स्थापन झालेली हीच आजची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था) रुग्णांच्या रक्ताचे नमुने तपासले जात होते. त्यांतील दोघांच्या रक्तात एक अनोळखी विषाणू निघाला. तो ना डेंग्यूचा, ना चिकुनगुन्याचा. आकाराने बंदुकीच्या गोळीसारखा, रेबीजच्या कुळातला. भट्ट आणि रॉड्रिग्ज यांनी १९६७ मध्ये त्याची नोंद प्रसिद्ध केली आणि गावाचे नाव विषाणूला चिकटले.

३/ त्या शोधनिबंधाच्या शीर्षकात केवळ 'तापाचे रुग्ण' आहेत. मेंदूचा उल्लेख नाही. १९८० मध्ये मध्य प्रदेशात मेंदूविकाराच्या रुग्णाच्या रक्तात तोच विषाणू आढळला, तरीही तो दुय्यमच मानला गेला. माझ्या मते या इतिहासातील सर्वांत महत्त्वाची घटना म्हणजे ही उपेक्षाच होय.

४/ जून ते ऑगस्ट २००३. आंध्र प्रदेशात ३२९ मुले आजारी पडली, १८३ दगावली. ताप, मग उलट्या, झटके, बेशुद्धी. अनेकांचा मृत्यू एक-दोन दिवसांतच. पुण्यात नमुने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली आले, तेव्हा तीच गोळी दिसली. पाच नमुन्यांची जनुकीय जुळणी १९६५ च्या मूळ वाणाशी ९६.७ ते ९७.५ टक्के होती. अडतीस वर्षांपूर्वीचा नमुना जपून ठेवला नसता, तर ही तुलना कशाशी केली असती? इतिहासाच्या विद्यार्थ्याला दफ्तरखान्याची महती वेगळी सांगावी लागत नाही. ही तर विषाणूंचीही बखर निघाली.

५/ विषाणू मेंदूपर्यंत पोहोचला की तेथे दाह होतो, सूज येते. कवटी मात्र ताणत नाही. आतला दाब वाढतो, श्वासाचे आणि शुद्धीचे नियंत्रण बिघडते. या विषाणूवर विशिष्ट औषध वा लस नाही. झटके थांबवणे, दाब उतरवणे, श्वास सांभाळणे एवढेच डॉक्टरांच्या हाती उरते. म्हणून तापातल्या मुलाला झटका आला, तर रुग्णालय गाठण्यात गेलेला प्रत्येक तास मोलाचा.

६/ वाहक कोण? मुख्यतः वाळूमाशी, म्हणजे सँडफ्लाय. लांबी दोन-तीन मिलिमीटर. गुणगुणत नाही, साध्या मच्छरदाणीच्या जाळीतूनही आत शिरते. मातीच्या भिंतींच्या भेगा आणि गोठ्यातला ओलसर शेणकचरा ही तिची वस्ती. वऱ्हाडातल्या जुन्या घरांत राहिलेल्यांना अशा भेगा दाखवाव्या लागत नाहीत. रोगाची झळ खेड्यातल्या गरिबांच्या मुलांनाच अधिक का, याचे बरेचसे उत्तर त्या भिंतीत आहे.

७/ २००७ मध्ये नागपूर विभागातच या मेंदूज्वराची साथ आली : विषाणू जेथे प्रथम सापडला, तेथेच. २०२४ मध्ये जूनपासून १५ ऑगस्टपर्यंत देशात तीव्र मेंदूज्वराचे २४५ रुग्ण आणि ८२ मृत्यू नोंदले गेले. त्यांपैकी ६४ जणांत चांदीपुरा सिद्ध झाला, बहुतेक गुजरातचे.

८/ जाता जाता : नव्या रोगांना स्थळांची नावे देऊ नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सुचवले. चांदीपुराचे बारसे तोवर कधीच उरकले होते.