‘शिरोई कोइबितो’ ते ‘नामा चॉकलेट’ : जपानची दुधाची मिठाई होक्काइदोतूनच का येते?

जपानमध्ये फिरून आलेला माणूस सहसा रिकाम्या हाताने ऑफिसात परतत नाही. जिथे गेलो तिथली खास मिठाई आणून सहकाऱ्यांना वाटायची, या पद्धतीला तिथे ‘ओमियागे’ म्हणतात. म्हणूनच या मिठाईच्या डब्यात प्रत्येक तुकडा वेगळा गुंडाळलेला असतो. डबा उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावरून आला असेल, तर त्यात दूध, लोणी, चीज किंवा पांढरं चॉकलेट यापैकी काहीतरी असणार हे जवळपास ठरलेलं.

असं का? त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

होक्काइदो ही मूळची आयनू लोकांची भूमी. १८६९ मध्ये मेजी सरकारने बेटाला आजचं नाव दिलं आणि तिथे शेतकरी वसवायला सुरुवात केली. थंडीमुळे भातशेती अवघड होती. मग सरकारने अमेरिकन तज्ज्ञ बोलावले. त्यातले एडविन डन १८७३ मध्ये जपानला आले आणि त्यांनी पशुपालनाचा पाया घातला. आज जपानमधलं निम्म्याहून जास्त दूध एकट्या होक्काइदोत निघतं. पण टोकियोची मोठी बाजारपेठ लांब. त्यामुळे इथल्या दुधाचा मोठा हिस्सा लोणी, क्रीम, चीज आणि दूध पावडर बनवण्याकडे वळतो. स्थानिक मिठाईवाल्यांना आणखी काय हवं?

ओबिहिरो शहरातल्या ‘रोक्कातेई’ने १९६८ मध्ये पांढरं चॉकलेट विकायला सुरुवात केली. जपानमधलं ते पहिलं मानलं जातं. १९७७ मध्ये त्यांनी ‘मारुसेई बटर सँड’ आणलं : दोन बिस्किटांच्या मध्ये लोणी, पांढरं चॉकलेट आणि मनुका. ‘मारुसेई’ हे नाव या भागात वस्ती करायला आलेल्या योदा बेन्झो यांच्या गटाने बनवलेल्या लोण्याचं. वेष्टनावरचं डिझाइनही त्या जुन्या लेबलवरूनच घेतलंय.

सगळ्यात प्रसिद्ध मात्र सप्पोरोच्या ‘इशिया’ कंपनीचं ‘शिरोई कोइबितो’, म्हणजे ‘पांढरी प्रेयसी’ किंवा ‘पांढरा प्रियकर’. जपानी शब्दात दोन्ही बसतं. १९७६ मध्ये आलेल्या या मिठाईत दोन पातळ, कुरकुरीत बिस्किटांमध्ये पांढऱ्या चॉकलेटची चकती असते. डब्यावर रिशिरी डोंगराचं चित्र.

पण याच नावाला २००७ मध्ये मोठा धक्का बसला. कंपनीने काही डब्यांवरची ‘या तारखेपर्यंत खा’ ही तारीख बदलून पुढे ढकलल्याचं उघड झालं. कंपनीच्या इतर काही उत्पादनांत जिवाणूही सापडले. अध्यक्षांना पद सोडावं लागलं, उत्पादन बंद झालं आणि नोव्हेंबरमध्ये पुन्हा सुरू झालं. भेट म्हणून दिली जाणारी वस्तू असल्याने प्रश्न फक्त चवीचा नव्हता. शिळी मिठाई वाटली, तर मान खाली जाते ती वाटणाऱ्याची.

२०११ मध्ये वेगळंच प्रकरण झालं. ओसाकाच्या ‘योशिमोतो कोग्यो’ या विनोदी कार्यक्रमांच्या कंपनीने ‘ओमोशिरोई कोइबितो’, म्हणजे ‘गमतीदार प्रेयसी’, नावाची मिठाई २०१० मध्ये बाजारात आणली होती. इशियाने थेट कोर्ट गाठलं. २०१३ मध्ये तडजोड झाली : नाव राहिलं, पण वेष्टन बदलायचं आणि विक्री मुख्यतः कान्साई भागातच करायची. विनोद ओसाकाचा, त्यामुळे हे तसं बरोबरच झालं म्हणायचं!

मग ‘नामा चॉकलेट’ काय आहे? ‘नामा’ म्हणजे कच्चं किंवा ताजं. चॉकलेटमध्ये ताजं क्रीम मिसळून त्याचे मऊ चौकोनी तुकडे करतात आणि वरून कोको पावडर भुरभुरतात. जपानमधल्या उद्योगाच्या नियमांनुसार हे नाव लावायला वजनाच्या किमान १० टक्के क्रीम लागतं. होक्काइदोच्या ‘रॉयस’ कंपनीने ते जगभर नेलं. मुंबईतही त्यांचं दुकान आलं. याच कंपनीने बटाट्याच्या वेफर्सवरही चॉकलेट चढवलंय. ऐकायला विचित्र वाटतं, पण खारट-गोड जोडी झकास जमते.

कुणी जपानहून आणणार असेल, तर दोन गोष्टी सांगून ठेवा. नामा चॉकलेट १० अंशांच्या खाली ठेवावं लागतं आणि फार दिवस टिकत नाही, त्यामुळे शीतपिशवी मागून घ्यायची. शिवाय काही नामा चॉकलेटमध्ये मद्य असतं आणि ‘शिरोई कोइबितो’त अंडं. घरात शाकाहारी मंडळी असतील, तर वाटण्याआधी डब्यामागचा मजकूर वाचा.