मधुमेहाच्या दोन गोळ्या

बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला निघालेल्या मधुमेही माणसाने आपल्या खिशातली गोळी कोणती, हे डॉक्टरांना विचारून ठेवावे. दोन गोळ्यांची कुळे निराळी आहेत.

१९४२ साली फ्रान्सातल्या माँपेल्ये गावी डॉक्टर जाँबाँ विषमज्वराच्या रोग्यांना सल्फा जातीचे एक नवे औषध देत होते. ताप राहिला बाजूला, काही रोगी बेशुद्ध पडू लागले, काही दगावलेही. रक्तातली साखर फार उतरली होती! हे औषध स्वादुपिंडाकडून इन्शुलिन सोडवून घेते, असे पुढे लुबातिएर यांनी दाखवले. ग्लिबेनक्लामाइड याच कुळातले. पोटात भाकरी असो वा नसो, ते आपले काम करीतच राहते.

मेटफॉर्मिनचा माग गॅलेगा या युरोपातल्या वनस्पतीपर्यंत जातो. १९५७ साली पॅरिसचे जाँ स्टर्न यांनी ते मधुमेहावर वापरले. ते यकृताला साखर कमी सोडायला लावते. एकटे घेतल्यास साखर सहसा धोक्याइतकी उतरत नाही. पोट मात्र कुरकुरते, आणि मूत्रपिंडे फार अधू असतील तर चालत नाही.

पहाटे उपाशीपोटी कोयता धरणाऱ्याला हा फरक मोठा. पहिल्या कुळातली गोळी घेतली, न्याहारी चुकली आणि घाम सुटून हातपाय कापू लागले, तर लगेच साखर किंवा गूळ द्यावा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही न घालता थेट दवाखाना गाठावा.