ओल्या कागदावरचं शहर

फ्लोरा फाउंटन म्हटलं की आपल्याला २१ नोव्हेंबर १९५५ चा गोळीबार आठवतो, हुतात्मा स्मारक आठवतं. ते साहजिकच आहे. पण त्याच्या दहा वर्षं आधी, १९४५ मध्ये, तेवीस वर्षांच्या एका तरुणानं हाच चौक पावसाळ्यात पाहून कागदावर उतरवला होता. त्याचं नाव सय्यद हैदर रझा. रझा म्हटलं की लोकांना त्यांचा ‘बिंदू’ आठवतो. मला मात्र आज बोलायचं आहे ते मुंबईच्या रस्त्यांची जलरंगातली साधी चित्रं काढणाऱ्या तरुण रझांविषयी.

मुंबईची चित्रं त्यांच्या आधीही निघत होती. पुण्यात पेशव्यांच्या दरबारी सवाई माधवरावांचं चित्र काढणारा स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स, त्यानं १७९१-९२ मध्ये मुंबई बेटाची बारा दृश्यं टिपली. ती १८०० मध्ये छापून आली. मलबार टेकडी, शीवचा किल्ला अशा उंच जागांवरून दिसणारी ती मुंबई आहे. त्या काळी ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांना चित्रकला शिकवली जाई, कारण मुलुख ताब्यात ठेवायचा तर तो नजरेत ठेवावा लागतो. रंगांची छोटी पेटी, कागद आणि तांब्याभर पाणी एवढ्यावर काम भागे. पुढे १८५७ मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं आणि ही विद्या आपल्या मुलांच्या हाती आली. सावंतवाडीच्या सा. ल. हळदणकरांसारख्यांनी जलरंगावर अशी हुकमत मिळवली की बघणाऱ्यानं थक्क व्हावं.

जलरंग दिसतो सोपा, पण तो माणसाची परीक्षा बघतो. शाळेत असताना मी एलिमेंटरीच्या परीक्षेची तयारी करत होतो. आमच्या गल्लीचं चित्र काढायला घेतलं. प्रत्येक खिडकी, प्रत्येक कौल रंगवलं. आकाश ओलं असतानाच त्यावर घरं चढवली आणि सगळा चिखल झाला. ड्रॉइंगचे सर म्हणाले, “अरे, उजेड कुठं ठेवलास?” मला प्रश्नच कळला नव्हता. पारदर्शक जलरंगात पांढरा रंग लावायचा नसतो, कागदच पांढरा सोडायचा असतो. आधी आकाशाचा पातळ हात, तो वाळला की दूरच्या इमारतींच्या फिक्या छटा, मग जवळचे गडद आकार, शेवटी दोन-चार फटकाऱ्यांत माणसं. काय सोडलं यावर चित्र उभं राहतं. पुढे कविता लिहू लागलो तेव्हा सरांचा प्रश्न मला खरा कळला.

रझा १९४३ मध्ये मुंबईत आले. मध्य प्रांतातल्या मंडला जिल्ह्यातला, जंगल खात्यात नोकरी करणाऱ्याचा हा मुलगा. नागपूरला शिकून आलेला. जे. जे.त लगेच प्रवेश मिळाला नाही, म्हणून छपाईचे ब्लॉक बनवणाऱ्या एका स्टुडिओत नोकरी धरली. ती सांभाळून तो शहर रंगवत राहिला. वेल्सनं मुंबई टेकडीवरून पाहिली, रझांनी ती गर्दीत उभं राहून पाहिली. ते निव्वळ पारदर्शक रंगावर थांबले नाहीत, दाट, अपारदर्शक जलरंगही त्यांनी वापरला. ज्या शहरात आपलं घर नाही, ते शहर असं रोज थोडं थोडं रंगवत ते आपलंसं करत गेले असावेत, असं मला वाटतं. शहरानंही त्यांना ओळखलं. ऑस्ट्रियाहून आलेले वॉल्टर लँगहॅमर आणि समीक्षक रुडॉल्फ फॉन लायडन यांनी पाठबळ दिलं. १९४७ मध्ये सूझा, आरा, हुसेन, गाडे आणि बाक्रे यांच्यासोबत रझा प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमध्ये होते.

त्याच सुमारास देशाची फाळणी झाली. भावंडं पाकिस्तानात गेली. रझा इथंच राहिले. १९४८ मध्ये काश्मीरमध्ये फ्रेंच छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँ भेटले. चित्रांत बांधणी कमी आहे, सेझान अभ्यासा, असं त्यांनी सुचवलं. रझा १९५० मध्ये फ्रान्सला गेले आणि पुढची साठ वर्षं तिथं राहिले, पण नागरिकत्व त्यांनी भारताचंच ठेवलं. २०१० मध्ये परतले. २०१६ मध्ये दिल्लीत निधन झालं, तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे मंडल्यात वडिलांच्या कबरीशेजारी त्यांचं दफन झालं.

त्यांनी पाहिलेल्या मुंबईतलं पुष्कळ काही गेलं. १९६४ मध्ये ट्राम गेली. फ्लोरा फाउंटनचा हुतात्मा चौक झाला. एखादं शहर कुणाचं, यावर आपल्याकडे वाद पुष्कळ झाले. मला वाटतं, जो त्याच्याकडे इतका वेळ टक लावून बघतो, त्याचंही ते थोडं असतंच.